गुणमालाने शिरा खाल्ला नव्हता

माण तालुक्यातल्या त्या मठात पहाटे उदी वाटून झाली, की बाबांचे शिष्य लोकांची बोटं टोचायचे आणि माईकवर पुकारा व्हायचा. "बिराप्पा. काल रात्री साखर तीनशे दहा, आता एकशे साठ!" सगळा मंडप हात जोडून उभा. बाबा हसायचे. "डॉक्टरला वर्षं लागतात, आम्हाला एक रात्र. साखर काय, साखरेचा बापसुद्धा पळेल."

माझ्या बायकोची, गुणमालाची, साखर रात्री दोनशे दहा होती. सकाळी दोनशे पाच.

"ताईंची श्रद्धा कच्ची आहे," बाबा माईकवरच म्हणाले. "घरात सुया ठेवल्यावर देव कसा पावेल?"

मी म्हटलं, हे सगळं थोतांड आहे, चल. आम्ही सांगलीला परतलो. घरी आल्यावर मला न सांगता तिने इन्सुलिन बंद केलं. पुढे पायाला काहीतरी लागलं, तेही तिला कळलं नाही. तळवे मधुमेहाने आधीच बधिर झाले होते. वास सुटला तेव्हा मला कळलं. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. मला रडू आलं नाही. पुढ्यात ताट आलं की जेवायचो, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टर दीपालीने सगळी हकिकत ऐकून घेतली.

"रात्री साखर मोजली तेव्हा काकूंनी काय खाल्लं होतं?"

"काही नाही. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर ती पाणीही घेत नाही."

"आणि बाकीच्यांनी?"

"प्रसादाचा शिरा. मग रात्रभर उपाशी, पहाटे उदी."

"काका, शिरा खाल्ल्यावर साखर चढणारच आणि रात्रभर पोट रिकामं ठेवलं की उतरणारच. उदी असो नसो. उपाशीपोटीचा आकडा उपाशीपोटीच्याच आकड्याशी ताडायचा असतो. काकूंनी शिरा खाल्ला नाही, म्हणून त्यांची साखर होती तिथेच राहिली."

पुढच्या पौर्णिमेला घरचं साखर मोजायचं यंत्र घेऊन मी पहाटेच मठात गेलो. बिराप्पाला म्हटलं, आज उलटं करू. आधी मोजू, मग उदी घे आणि शिरा खा, मग परत मोजू. दीड तासाने त्याने आकडा बघितला.

"आवं, उदी घिऊन तर लय चढली की. मी गोळ्या सोडल्या हायत्या."

"आजच दवाखान्यात जा."

"यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या यंत्रावर मोजू. ते आत गेले. लोक एकेक करून बोटं पुढं करायला लागले.

परत येऊन मी गुणमालाला सांगितलं, तुझी श्रद्धा कच्ची नव्हती. तू शिरा खाल्ला नव्हतास, एवढंच.

"मला वाटलं, माझंच काही चुकलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "लोकांना सांगा तुमी."

म्हणून सांगतोय. कुणी आकडा दाखवून चमत्कार झाला म्हणेल, तेव्हा हात जोडण्याआधी विचारा: केव्हा मोजला, काय खाऊन मोजला? डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. विचारल्याने कुठलाच देव रागावत नाही. गुणमालाचा पाय मात्र आता परत येणार नाही.