काळ्या कडेच्या पाकिटातून आलेली टाकपुसणी

मी एक जुनी टाकपुसणी आहे, मित्रांनो. दौतीत बुडवून लिहायचा टाक ज्या कापडाला पुसतात, ते कापड म्हणजे मी. कापड म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. मला लोकरीची चार पानं आहेत आणि मधोमध शिंपल्याचं बटण.

नऊ वर्षांच्या लेटिसने मला टॅबिथा आत्याच्या वाढदिवसासाठी शिवलं. शिवताना सुई किती वेळा तिच्या बोटात गेली, ते मला ठाऊक. तिचे वडील जोसाया महिनाभर तापाने अंथरुणाला खिळले होते, आणि तिकडे लांब व्हिटबीला आत्याबाई भावाच्या काळजीने झुरत होत्या.

त्यातच लेटिसच्या आईची कुणी लांबची मावशी वारली. दुखवट्यात काळ्या कडेच्याच कागदावर लिहायचं, ही त्यांची रीत. घरात दुसरा कागद नव्हताच. लेटिसने त्यावरच पत्र लिहिलं आणि मला तशाच पाकिटात घातलं.

वाढदिवसाच्या सकाळी मी पोचले. आत्याबाईंनी काळी कड पाहिली, वर पोरीचं अक्षर पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. भाऊ असता तर पत्ता त्यानेच लिहिला असता, असं त्यांच्या मनाने घेतलं. चहा निवला, दुपार कलली, तरी पाकीट तसंच पडून. मी आत गुदमरत होते, पण सांगणार कशी?

शेवटी घरकाम करणारी म्हातारी केझाया म्हणाली, "बाईसाहेब, मेला असेल तर न उघडल्याने परत यायचा नाही. आणि जिवंत असेल, तर तुम्ही त्याला सकाळपासून उगीच मारताय."

"तूच उघड. माझ्याने नाही व्हायचं."

केझायाने पाकीट फोडलं. मी तिच्या मांडीवर पडले. ती अडखळत वाचू लागली, "बाबा काल उठून बसले. दोन अंडी खाल्ली आणि तिसरं मागितलं."

"तिसरं मागितलं?" आत्याबाई म्हणाल्या. "मग तो जोसायाच." आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या.

त्याच संध्याकाळी उत्तर लिहिताना त्यांनी मला शाईने काळं केलं. पुढे वीस वर्षं मी त्यांच्या हाताशी होते. मग नव्या तऱ्हेची पेनं आली, मी खणात पडले आणि मला कसर लागली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, आपल्या माणसाचं पत्र आलं तर ते आधी उघडा. आणि धाडणारे तुम्ही असाल, तर वाचणाऱ्याचा जीव सांभाळा. आत्याबाईंनी लेटिसला एवढंच बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता बारीक असे, आणि त्याच्या वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असे: सगळे बरे आहेत.