सदतीस अंशांची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, दागिन्यांची तर नव्हेच. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी पेशी सांभाळते. तुमच्या अंगात असते तेवढीच ऊब, सदतीस अंश, माझ्या पोटात सतत असते. तळाशी पाण्याचे पसरट भांडे, वर जाळीच्या फळ्या, फळ्यांवर गुलाबी द्रवाच्या छोट्या बशा. अशा उबेत कुणालाही डुलकी लागेल. मी तर जन्मभर पेंगतच आले.

कारखान्यातले फारसे आठवत नाही. दाराला मऊ रबरी पट्टी बसवली तेव्हा मी पहिल्यांदा सुखाने डोळे मिटले, एवढे खरे. इथे आले तेव्हा काय कौतुक! प्रयोगशाळेचे मोठे सर प्रत्येक पाहुण्याला माझ्यापुढे आणून उभे करायचे. मग नव्या पेट्या आल्या आणि मी कोपऱ्यात गेले. माझी पट्टी चिरली, तरी कुणी ढुंकून पाहिले नाही.

माझ्या वाट्याला एकच संशोधक उरली. लहानखुरी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिच्या आईला कर्करोगच होता आणि तो आता फुप्फुसांपर्यंत पसरला होता. चिमणी त्या पसरण्यालाच अटकाव शोधत होती. बशीतल्या पेशींच्या थरावर ती एक बारीक रेघ ओढायची, म्हणजे तेवढ्या जागेतल्या पेशी खरवडून निघायच्या. कर्करोगाच्या पेशी दोन्ही काठांवरून सरपटत येऊन ती मोकळी वाट एका दिवसात बुजवून टाकत. माझ्या अर्धवट झोपेत मला त्यांची ती मुकी चाल जाणवत राही. औषधाने त्या थांबतात का, एवढेच तिला बघायचे होते.

आणि एके दिवशी थांबल्या की! औषधाच्या बशांतली रेघ मोकळी, बिनऔषधाच्या बशांतली बुजलेली. तीनदा केले, तीनदा तेच. "शाब्बास! पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मांडू," मोठे सर म्हणाले. चिमणीने माझ्या दाराला टेकूनच फोन लावला. "आई, थांबल्या गं! जागच्या हलल्या नाहीत!"

मी मात्र चरकले. पटकन काढता याव्यात म्हणून औषधाच्या बशा ती नेहमी दाराजवळ ठेवायची, बाकीच्या मागे. चिरलेल्या पट्टीतून तिथेच गार हवा शिरत होती. तापमापक मागच्या भिंतीला. तो बापडा सदतीसच दाखवायचा. पेशी थांबल्या नव्हत्या हो, गारठल्या होत्या! पण मला कुठले आलेय तोंड?

शेवटी बोलल्या त्या मला पुसणाऱ्या मावशी. "अगं पोरी, हिच्या दाराच्या कडेला रोज पाणी साचतं बघ. हात लाव, कसं गारगार लागतंय."

चिमणीने हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. नवी पट्टी बसली. तिने सगळा प्रयोग पुन्हा केला, बशांच्या जागा बदलून. दुसऱ्या दिवशी सगळ्याच रेघा बुजलेल्या होत्या.

तिने परत फोन लावला. "आई, मी चुकले गं. औषधाने काहीच होत नाही."

पलीकडून दमलेला आवाज आला, "बरं झालं, आत्ताच कळलं. कुणाच्या पोटात गेल्यावर कळलं असतं तर? जेवलीस का तू?"

चिमणी माझ्या दाराशी हमसून हमसून रडली. मग तिने डोळे पुसले, दुसरे औषध घेतले आणि नवी रेघ ओढली.

मित्रांनो, आमच्यासारख्या म्हाताऱ्या यंत्रांना रोज एकदा हात लावून बघत जा. मनासारखे उत्तर मिळाले, तर दोनदा बघा. तुम्ही आम्हाला विसरलात की आम्ही खोटे बोलतो, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून कुणाची तरी आई वाट पाहत असते.