सॅन्टनची खाट

घंटा टणाटण वाजत होती आणि अख्खं पाचूबंदर उलट्या दिशेने निघालं होतं.

रोझलीन सात महिन्यांच्या मायकलला खांद्यावर टाकून ओट्यावर उभी होती. डांग्या खोकल्याने पोर नुसतं खिळखिळं झालं होतं. समोरून बायका पदर डोक्यावर ओढून, प्रार्थना पुटपुटत समुद्राकडे चालल्या होत्या. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर तिचे सासरे, नौदलातून निवृत्त झालेले लेफ्टनंट ॲन्सेल्म तुस्कानो, होमगार्डच्या खाकी गणवेशात एकटेच उभे होते.

"कार्मिनबाय, तिकडे कुठे? वादळाचा सराव आहे. देवळात यायचंय."

"अरे बाबा, अवेळी घंटा झाली म्हंजे कोनतरी गेलं. आनि जानार कोन? सॅन्टनच."

सॅन्टन तांडेल वर्षभर अंथरुणाला खिळलेला आणि त्याचं घर अगदी वाळूला लागून. गाव तिथे पोचलं तेव्हा तो खाटेवर बसून पेज ओरपत होता.

"मेलो नाय अजून," तो म्हणाला. "आलात तं बसा."

सराव बघायला आलेला कचेरीतला साहेब हसत हसत टांग्यात बसला. लेफ्टनंट हसले नाहीत. गेल्या वर्षीच्या तुफानात किनाऱ्यावरच्या दोन बाया घर सोडेनात म्हणून घरासकट गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं.

"बाबा, सोडा ना आता," रोझलीन जेवण वाढताना म्हणाली. "आणि खरं सांगू? मी कॉलेजात शिकलेली, मला सगळं कळतं. पण असल्या पोराला घेऊन मीसुद्धा वाऱ्यात निघणार नाही."

त्यांनी भात कालवला. "जहाजावर हुकूम चालतो," ते म्हणाले. "इथे माणसं कशाच्या मागे चालतात ते बघायला हवं."

सकाळी ते सॅन्टनकडे गेले.

"तुझी खाट हवी."

"आनि मी?"

"खाटेवर तू. घंटा झाली की तुला आधी देवळात न्यायचं."

सॅन्टन खोकेपर्यंत हसला. "जित्तेपनी उचलतोस व्हय मला? उचल. पन खांदेकरी धड बघ. माझ्या भावाला वाटंत पाडलानी मेल्यांनी."

नोव्हेंबरातल्या एका दुपारी समुद्र काळा पडला आणि घंटा सुरू झाली. या वेळी सराव नव्हता. रोझलीनने दाराला कडी घातली. नवरा युजीन मुंबईला कामावर. मायकल खोकून खोकून निळा पडत होता. छपराची कौलं खडखडू लागली.

खिडकीच्या फटीतून तिला खाट दिसली. चौघांच्या खांद्यावर, ताडपत्रीखाली सॅन्टन, दोन्ही हातांनी खाट घट्ट धरून खांदेकऱ्यांना शिव्या घालत. पुढे सासरे. मागे कार्मिनबाय, तिच्यामागे अख्खी आळी, डोकी झाकून, रांगेने. कुणी कुणाला बोलावत नव्हतं. खाट जात असताना मागे राहायचं कसं, एवढंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं.

सासरे तिच्या दारापाशी थांबले नाहीत. थांबून हाक मारली असती तर तिच्याकडे दहा सबबी तयार होत्या. तिने मायकलला युजीनच्या कोटात गुंडाळलं, कडी काढली आणि रांगेत शिरली.

संध्याकाळपर्यंत पाणी वाळूकडच्या घरांवरून गेलं. तुस्कानोंचं छप्परही गेलं. देवळात दोनशे तीन माणसं होती, एकही कमी नाही. लेफ्टनंटनी दोनदा मोजली, दोन्ही वेळा तेवढीच भरली. दुपारपासून ते दाराला पाठ लावून उभे होते, आत येणारा वारा अडवीत. ओल्या पँटीत ते भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकत होते. ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, रोझलीनच्या आलं.

मायकलचा खोकला जरा बसला होता. ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, ह्याला घ्या आणि बसा."

"दाराशी कुणीतरी..."

"मी आहे ना."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग मूल घेतलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले, पाठ ताठ ठेवून, नातवाला दोन्ही हातांवर अवघडल्यासारखे धरून. रोझलीनने पदर खोचला आणि दाराला पाठ लावली. बाहेरून वाऱ्याने धक्का दिला. तिने पाय रोवले.