केळीच्या गाड्यांचा पट

ते १९५६ साल होतं. नोव्हेंबरच्या एक तारखेपर्यंत आमचं बुऱ्हाणपूर नागपूरचं होतं, त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली आणि ते भोपाळचं झालं. गाव जागचं हललं नाही, पण कचेरीतले कागद बदलले. माझे वडील दत्तात्रय तहसिलीत कारकून होते. ते संध्याकाळी घरी येऊन मला हिंदी शब्द विचारू लागले. मी अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, हिंदीच्या दोन परीक्षाही दिलेल्या. घरात माझा भाव एकदम वाढला होता, आणि तो माझ्या डोक्यात गेला होता हे मला आता कळतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला कोकिळा राहायची. बहादरपूरच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवी पास, विसाव्या वर्षीच विधवा झालेली. सासरच्यांनी परत पाठवली तेव्हापासून भावाकडे होती. भाऊ गिरधर आसपासच्या मळ्यांतली केळी बैलगाड्यांनी स्टेशनावर पोचवायचा. कोकिळा माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तरी मी तिला नुसतं नावाने हाक मारी, आणि ती मला ‘रजनीबाई’ म्हणे. आधी थट्टेने म्हणायची, मग तेच तोंडात बसलं.

दुपारी गल्लीतली पोरं तिच्या ओट्यावर जमत. ती कोळशाने घरं आखून त्यांना कवड्यांवर मोजायला शिकवी. मुलींच्या मराठी शाळेच्या मोठ्या बाई, निर्मलाबाई, त्या वाटेने जायच्या. सप्टेंबरात एक दिवस त्या थांबल्या, उभ्याउभ्या सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, “कोकिळे, शाळेत बालवर्ग उघडायचा आहे. तुझं शिक्षण कमी पडतंय. पण डिसेंबरात नवे इन्स्पेक्टर येणार आहेत, हाताने केलेल्या साधनांचं प्रदर्शन मांडायचंय. तुझा स्वतःचा एखादा खेळ कर. त्यांना आवडला तर तुझ्यासाठी मी शब्द टाकते.”

कोकिळाला ती नोकरी हवी होती, आणि का हवी होती ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गिरधरने चांदनी गावचा एक बिजवर ठरवत आणला होता. चाळिशीचा माणूस, तीन मुलं. गिरधर वाईट नव्हता. त्याने बहिणीला साफ सांगितलं, “नोकरी लागली तं राहा इथे, मी कोनाचं ऐकत नाही. नाही लागली तं माघात चांदनी. माह्याही पोरी मोठ्या होऊ राहिल्या.”

कोकिळा माझ्याकडे आली. “रजनीबाई, खेळ मी करते. लिहायचं तू कर. माह्यं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय.”

असा आमचा पट सुरू झाला. गिरधरच्या ओळखीच्या विणकराकडून मागावरचा एक कोरा तुकडा आणला आणि त्यावर गेरूने घरं आखली. एका टोकाला बहादरपूरचा मळा, दुसऱ्या टोकाला स्टेशन आणि त्यात उभी वाघीण, म्हणजे रेल्वेचा मालडबा. प्रत्येकाची एक गाडी, गाडीत सात चिंचोके. ते केळीचे घड. चार कवड्या टाकायच्या, जेवढ्या उताण्या पडतील तेवढी घरं पुढे जायचं, चारही पालथ्या पडल्या तर आठ. केळी गाडीत पिकायला लागण्याआधी स्टेशन गाठायचं. ज्याचे जास्त घड पोचतील तो जिंकला, सारखे असले तर आधी पोचलेला.

ऐकायला सोपं आहे. करताना दोन महिने गेले. पहिल्या पटावर शंभर घरं होती. शेजारच्या धुरपदाबाईंना खेळायला बसवलं. त्यांची साठी उलटली होती आणि तोंड तिखट होतं. निम्म्या वाटेत त्यांचा डोळा लागला. जाग आल्यावर म्हणाल्या, “पोचली का वं माही गाडी? का बैल म्हातारे झाले?”

कोकिळाने पट धुतला आणि चोवीसच घरं आखली. मग असं दिसलं की जो पहिला कवड्या टाकतो तोच बहुधा जिंकतो. चार दिवस तिने कोण कितव्या पाळीला बसलं आणि कोण जिंकलं ते भिंतीवर रेघा मारून ठेवलं. मग शेवटी खेळणाऱ्याला एक घड जास्त दिला, तेव्हा रेघा सारख्या झाल्या. केळी कधी पिकायची यावर तर पंधरा दिवस मोडले. दर फेरीला एक चिंचोका पिकला म्हणून काढला तर स्टेशनावर सगळे रिकामे पोचत. दर चौथ्या फेरीला काढला तर कोणाला भीतीच वाटेना. दर दुसऱ्या फेरीला काढल्यावर गाडी दोन-तीन घड घेऊन पोचू लागली. धुरपदाबाई कवड्या मुठीत धरून देवाचं नाव घेऊ लागल्या, तेव्हा कोकिळा मला कोपराने ढोसून म्हणाली, “आता झाला खेळ.”

एक बदल केला की ती तो दहा वेळा खेळून पाही. न खेळता काहीच ठरवत नसे. मला कंटाळा यायचा. मला वाटे, यात एवढं काय आहे.

एकदा मीही एक सूचना केली. आमच्या घरी सारीपट खेळायचे. सोंगटी शेवटच्या घरात न्यायची तर नेमकं तेवढंच दान पडावं लागे, जास्त पडलं तर सोंगटी बाहेरच. कोकिळाच्या पटावर मात्र शेवटी कितीही पडलं तरी गाडी स्टेशनात शिरायची. मी म्हटलं, “असं नसतं गं. नेमकं दान पाहिजे. सगळीकडे तसंच असतं.”

कोकिळा हसली. “स्टेशनावर आलेली गाडी दारात कोन उभी करतं वं?”

धुरपदाबाई म्हणाल्या, “हिच्या बापाच्या कचेरीत करतात. मानूस दारात, अन् साहेब म्हनतो उद्या या.”

ओट्यावरच्या सगळ्या बाया खोखो हसल्या. मीही हसले. पण ते मला लागलं होतं.

नोव्हेंबर उलटला. निर्मलाबाईंनी निरोप धाडला की इन्स्पेक्टर हिंदी बोलणारे आहेत, नियम हिंदीत लिहून द्या. कोकिळा तेव्हा केळीच्या कापणीसाठी बहादरपूरला गेली होती, प्रदर्शनाच्या सकाळीच परतणार होती. मी एकटीने जाड कागदावर बोरूने बारा नियम लिहिले. अक्षर माझं खरोखर चांगलं होतं. अकरावा नियम स्टेशनात शिरण्याचा. तो लिहिताना माझा हात थांबला. मला वाटलं, शहरातले शिकलेले साहेब येणार, त्यांना हे गावंढळ वाटेल. आपण नीट करून देऊ. मी लिहिलं की स्टेशनात जाण्यासाठी ठीक तेवढंच दान पडलं पाहिजे. तो नियम मी एकदाही खेळून पाहिला नाही.

आणि खरं सांगायचं तर, त्या हसण्याचंही माझ्या मनात होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत सतरंजीवर पट मांडला. इन्स्पेक्टर मोठ्या मनाचे गृहस्थ होते, कोट काढून मांडी घालून बसले. सोबत निर्मलाबाई आणि सातवीच्या दोन मुली. नियमांचा कागद साहेबांच्या हातात होता, तेच मोठ्याने वाचून सगळ्यांना खेळवत होते. कोकिळा थेट बैलगाडीतून उतरून आली होती, पदर सावरत मागे भिंतीशी उभी होती. खेळ रंगला. साहेबांच्या चारही कवड्या पालथ्या पडल्या तेव्हा त्यांनी पोरासारखी टाळी वाजवली. त्यांची गाडी सगळ्यांच्या आधी स्टेशनाच्या दारात आली. गाडीत तीन घड होते, एक घर उरलं होतं.

त्यांना दोन पडले.

“नहीं, ठीक एक चाहिए,” कागद बघून ते म्हणाले. पुन्हा तीन. पुन्हा दोन. एक चिंचोका गेला. तेवढ्यात निर्मलाबाईंची गाडी दारात आली, मग मुलींच्याही आल्या. चारही गाड्या दारात उभ्या, आणि फेरीमागून फेरी चिंचोके उचलले जात होते. आधी सगळे हसत होते. मग हसणं थांबलं. साहेबांना शेवटी एकदाचा एक पडला, तेव्हा त्यांच्या गाडीत एकही घड नव्हता. कोणाच्याच नव्हता.

साहेबांच्या खेळात मध्ये बोलायचा धीर न झालेली कोकिळा आता पुढे आली. “साहेब, गाडी दरवाजे में नहीं रुकती. कुछ भी पडे, अंदर जाती है.”

साहेबांनी कागद पुढे केला. “पर यहाँ तो साफ लिखा है. ये नियम किसने लिखे?”

कोकिळाने माझ्याकडे पाहिलं. निर्मलाबाईंनीही पाहिलं. दारात माझे वडील उभे होते, साहेबांना भेटायला मुद्दाम आलेले.

मी म्हटलं, “मैंने लिखे. इन्होंने जैसा बताया, वैसा.”

तिला मला तिथेच खोटं पाडता आलं असतं. गल्लीतल्या दहा बाया साक्षीला आल्या असत्या. पण कारकुनाची मुलगी, भर शाळेत, नव्या साहेबांपुढे. ती म्हणाली, “मेरी भूल होगी, साहेब.”

साहेब उठताना म्हणाले, “कल्पना अच्छी है. पर बच्चों को ऐसा खेल दीजिए जिसमें कोई तो जीते.” आणि कागद खाली ठेवता ठेवता म्हणाले, “लिखावट बहुत सुंदर है.”

सगळे बाहेर गेल्यावर कोकिळा पट गुंडाळत होती. वर न बघता तिने विचारलं, “कायले केलं वं तू असं?”

“सारीपटात तसंच असतं,” मी म्हटलं.

“हा सारीपट नव्हता, रजनीबाई.”

त्यानंतर तिने मला एक शब्दही बोल लावला नाही. मला आशा होती की ती भांडेल. भांडली असती तर मी रडले असते, आणि रडता रडता निर्मलाबाईंकडे जाऊन खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. खरं म्हणजे मी दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले होते. दोन्ही वेळा परत फिरले. वडिलांचं इन्स्पेक्टरांशी बोलणं झालं होतं, घरात माझ्या अक्षराचं कौतुक चाललं होतं.

माघात गिरधर तिला चांदनीला पोचवून आला.

फाल्गुनात निर्मलाबाईंनी मला बोलावलं. बालवर्गाची जागा अजून रिकामी होती. त्या म्हणाल्या, “रजनी, तुझं हिंदी चांगलं आहे, अक्षर चांगलं आहे. येतेस का?” मी घरी विचारून सांगते असंही म्हटलं नाही. लगेच हो म्हटलं.

निर्मलाबाई १९६३ साली निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी चहा घेताना सहज बोलून गेल्या, “त्या कोकिळेचा खेळ नीट चालला असता तर तुला मी हाक मारलीच नसती. इन्स्पेक्टरांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. फक्त खेळ पुरा व्हायला हवा होता.” मी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

आणि १९६८ साली नेपानगरहून येताना चांदनीच्या स्टेशनावर कोकिळा माझ्या डब्यात चढली. अंगाने भरली होती, हातात भाकऱ्यांचं गाठोडं. माझ्याजवळ बसली, मुलांचं सांगितलं, नवरा बरा आहे म्हणाली. मी म्हटलं, “कोकिळा, त्या दिवशी शाळेत मी…” तिने मला पुढे बोलू दिलं नाही. “जाऊ दे वं. तू खरं बोलली असती तरी मले कोन ठेवनार होतं तिथे? सातवी पास बाई.” तसं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. निर्मलाबाईंचं बोलणं तिला सांगायला हवं होतं. बुऱ्हाणपूर येईपर्यंत वेळही होता. मी तिला, मुलं कितवीत आहेत, ते विचारलं.

धुरपदाबाई १९५९ च्या उन्हाळ्यात गेल्या. गिरधरने पुढे गाड्या सोडून ट्रक घेतला, शाहपूरला घर बांधलं, पोरींची लग्नं चांगली केली. इन्स्पेक्टर दोन वर्षांत बदलून गेले, त्यांना बहुधा यातलं काही आठवतही नसेल. निर्मलाबाई इंदूरला भाचीकडे राहिल्या आणि तिथेच वारल्या. माझे वडील शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की रजनीला नोकरी तिच्या अक्षरामुळे लागली. मी बालवर्गात चाळीस वर्षं शिकवलं. लग्न केलं नाही. मुलं मला चांगली बाई म्हणत.

कोकिळाला स्वतःचं मूल झालं नाही. सवतीची तिन्ही मुलं तिनेच वाढवली. ती १९८८ च्या मार्चमध्ये गेली. शोभाने, तिच्या सावत्र मुलीने, मला पोस्टकार्ड टाकलं, दिवसकार्याची तारीख कळवली. त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.