भर दुपारी लागणारे दिवे

मित्रांनो, उदगीरच्या केरबांच्या दारात उभी असते ती जुनी मोटार मीच. कधीकाळी मी चंदेरी होते, आता धुळीने मातकट झाले आहे. कारखान्यात माझ्या पुढच्या काचेखाली हरभऱ्याएवढा सेन्सर बसवला होता. अंधारून आले की त्याला कळते आणि माझे दिवे आपोआप लागतात. केरबांनी मला घरी आणले तेव्हा गल्लीत या गोष्टीचे फार कौतुक झाले, आणि खरे सांगते, मला थोडा गर्वही झाला.

पुढे दोन पावसाळे कोरडे गेले. केरबांच्या पत्नी सरजाबाई यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागे. त्याला पाणी फार लागते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, लातुरात, तर प्यायलाही पाणी नव्हते. मग नांदेड गाठावे लागले. त्यांची मुलगी पंचशीला शाळेत शिक्षिका. तीच मला चालवत असे.

एकदा दवाखान्याच्या आवारातून शेजारच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली. केरबांनी धास्तीने मला चोराने हात लावताच ओरडणारा भोंगा बसवायला नेले. त्याच्या वेगळ्या किल्लीवरचे लाल बटण दाबले, तरीही तो वाजतो. त्याच दिवशी तहसीलसमोर नव्या जिल्ह्याच्या मागणीची बैठक होती. उदगीर जिल्हा झाला तर मोठा दवाखाना इथेच येईल, या आशेवर ते एकही बैठक चुकवत नसत.

"लवकर उरक बाबा, मला जायचंय," ते कारागिराला म्हणाले. त्याने तारा पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि मला मोकळे केले.

त्यानंतर माझे दिवे भर दुपारी लागू लागले आणि तिन्हीसांजेला मधेच जाऊ लागले.

पंचशीला म्हणाली, "बाबा, भोंगा बसवल्यापासनं दिव्याचं काहीतरी बिघडलंय."

"भोंग्याचा अन् दिव्याचा काय संबंध? तूच खटका नीट फिरवत नसशील."

मला बोलता आले असते तर!

चैत्रातल्या एका संध्याकाळी नांदेडहून परतताना जळकोटच्या अलीकडे धुळीचे वादळ उठले. समोरचा रस्ता दिसेना. एका खड्ड्यात मी आदळले आणि माझे दिवे गेले. पंचशीलाने खटका हाताने फिरवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. कडेला खोल उतार होता, म्हणून तिला मला पुरते खाली घेता येईना. मागून पाण्याचा टँकर वेगात येत होता. त्याचा आवाज वाढत चालला, पण त्याला मी दिसतच नव्हते.

"माय, किल्लीवरचं लाल बटण दाब," ती म्हणाली.

सरजाबाईंच्या सुजलेल्या हातात भोंग्याची किल्ली होती. त्यांनी बटण दाबून धरले. मी जीव खाऊन ओरडू लागले आणि माझे वळणाचे पिवळे दिवे उघडझाप करू लागले. टँकरने ब्रेक दाबला, वळसा घेतला आणि वीतभर अंतरावरून तो निघून गेला. त्याचे पाणी माझ्या काचांवर उडाले. वादळ ओसरल्यावर पंचशीला त्या पिवळ्या दिव्यांच्या उघडझापीवरच मला हळूहळू उदगीरकडे घेऊन निघाली.

घरी पोचल्यावर सरजाबाई केरबांना एवढेच म्हणाल्या, "पोरगी सांगून राहिली होती. तुमी ऐकलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी केरबा स्वतः मला बसलिंगप्पा वायरमनकडे घेऊन गेले. पंचशीलाही सोबत होती. बसलिंगप्पाने स्टेअरिंगखालचे झाकण काढले.

"हे बघा. दिव्यांची अन् सेन्सरची अर्थिंगची तार कापून तिथंच भोंग्याची तार पिळलीय. उन्हानं पट्टी सुटली. गाडी हादरली की जोड हलतोय, मग सेन्सर भर उन्हात बी फसतोय, न्हाईतर दिवेच जातात. सेन्सर चांगला हाय, दिवे बी चांगले हायत."

त्याने भोंग्याला वेगळी अर्थिंग दिली आणि दिव्यांची तार झाळून पक्की केली. मग सेन्सरवर फडके टाकले. दिवे लागले. फडके काढले, विझले.

केरबा मुलीकडे न बघता म्हणाले, "बैठकीच्या घाईत मीच त्याला घाई केली. वर तुलाच बोललो. चुकलं माझं."

"पुढल्या खेपेला तुमी बी चला," पंचशीला म्हणाली.

आता ते मागच्या सीटवर सरजाबाईंशेजारी बसून येतात. वाटेत पंचशीला काही म्हणाली, की आधी ऐकून घेतात.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. दिवे भलत्याच वेळी लागले, चाक खरखरले, की आमचे काहीतरी दुखते आहे असे समजा. आणि ते तुमच्या ध्यानात आले नाही, तर जो आम्हाला रोज चालवतो त्याला विचारा. त्याला तर बोलता येते.