तीन पाण्यांत धुतलेली झोळी

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला मी एखादे जुने बसकर वाटेन. तसे नाही. मी म्बेरेको आहे, म्हणजे पोर पाठीशी बांधायची झोळी. माझे वरचे दोन बंद आईच्या छातीवर बांधतात आणि खालचे दोन कमरेला. वय विचाराल तर तीस पावसाळे तरी सहज झाले असतील. सध्या मी गुटू गावातल्या एका गोल स्वयंपाकघरात, चुलीच्या वर खुंटीला टांगलेली असते. मला इथे धुरात का टांगले आहे, हे सांगायचे तर माझ्या लाजेची गोष्ट सांगावी लागेल. म्हाताऱ्यांनी आपली चूक मुलांना सांगितली तर ती निदान कोणाच्या तरी कामी येते.

माझा जन्म हाताने फिरवायच्या शिवणयंत्रावर झाला. एस्नात तेव्हा तरुण होती आणि तिला दिवस गेले होते. तिच्या आत्याने जाड तपकिरी कापडाचे दोन थर घेतले, मध्ये जुन्या कांबळ्याचा तुकडा घातला आणि मला शिवले. वर पांढऱ्या दोऱ्याने एक रानकोंबडीही काढली.

"आत्या, ही रानकोंबडी कसली? बदकच दिसतंय."

"दिसू दे. पोर काय परीक्षा घेणार आहे?" आत्या म्हणाली.

एस्नातची थोरली मुलगी सेकाई माझ्यात वाढली. तिच्यामागून आणखी चार मुले वाढली. मका खुरपताना मी असायचे, भुईमूग उपटताना असायचे, डोक्यावर पाण्याची बादली घेऊन ओढ्यावरून येताना असायचे. दवाखान्यात पोराचे वजन करायच्या रांगेतही मीच. संध्याकाळी एस्नात चुलीपुढे वाकून साझा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ढवळायची, तेव्हा पाठीवरचे पोर धुरातच झोपून जायचे. शेजारणी मला उसनी मागायला येत. "एस्नातची झोळी बांधली की पोर रडत नाही," असे गावात म्हणत. मला वाटे, ही सगळी माझीच करामत. पोरांना नेमके काय आवडते, याचा मी कधी विचार केला नाही.

धाकटा चालायला लागला आणि मी पेटीत गेले. पेटीचे झाकण मोडके होते. दोन वर्षे एक कोंबडी माझ्यात अंडी घालत असे. तेही बरेच म्हणायचे, कोणी तरी ऊब मागायला येत होते.

मग सेकाईला मुलगी झाली, रुवा. सेकाईने मला झटकून बाहेर काढले आणि तीन महिने रुवाला माझ्यात वागवले. तिला लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली होती. जाण्याच्या दिवशी तिने रुवाला एस्नातच्या पाठीवर माझ्यात बांधले आणि तोंड माझ्यात खुपसून बराच वेळ उभी राहिली. माझ्या डाव्या बंदावर तिच्या दुधाचा एक डाग होता. एस्नात तो कधी धूत नसे. रुवाने मला ओले केले तर तेवढाच कोपरा धुवायची.

सात महिने गेले. रुवाचा बाप टोंगाई हरारेला शाळेत शिक्षक होता. त्याचे आणि रुवाचे कागद आले. पण रुवा बापाकडे पाच मिनिटांच्या वर राहत नसे. म्हणून तीन महिन्यांसाठी एस्नात आजीनेही सोबत जावे असे ठरले.

आमच्याकडे जावई सासूसमोर खाली बसतो, ओंजळीने हळू टाळ्या वाजवून मगच बोलतो आणि तिच्या हाताला हात लावत नाही. सासूही जावयापुढे डोक्यावरचा रुमाल कधी सोडत नाही. असे दोघे एकाच विमानातून जाणार म्हटल्यावर गावभर हशा झाला. "जावईबापू पंखावर बसणार की काय?" असे लोक विचारू लागले.

आजीच्या प्रवासाच्या कागदांसाठी आम्ही हरारेला एका कचेरीत गेलो होतो. रांगेत आमच्या पुढे अत्तर लावलेली एक बाई होती. ती मागे वळली, नाक मुरडले आणि मोठ्याने म्हणाली, "इथे कोणी चूल पेटवलीय का?"

रांग हसली. टोंगाई आपल्या बुटांकडे पाहू लागला. एस्नात आजीने मला कोटाखाली झाकायचा प्रयत्न केला, पण पोरासकट झोळी कशी झाकणार? मला वाटले, माझे सगळे दोरे उसवून जावेत.

घरी आल्यावर आजीने हिरव्या साबणाची अख्खी वडी काढली. मला तीन पाण्यांत धुतले, दगडावर आपटले, दिवसभर उन्हात टाकले आणि मग कोळशाच्या इस्त्रीने दोन्ही बाजूंनी शेकले. संध्याकाळी तिने मला नाकाशी धरले.

"आता बघू कोण नाक मुरडतंय," ती म्हणाली.

दुधाचा डाग गेला होता. धूर गेला होता. माझ्यात कसलाच वास उरला नव्हता. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. त्या आनंदाचीच मला आजपर्यंत लाज वाटते.

आजीने डोक्यालाही नवा निळा रुमाल घेतला. केस घट्ट राहावेत म्हणून त्याच्या आत रोजचा जुना रुमाल बांधला. तो मात्र धुतला नाही. "आतलं कोण बघायला येतंय?" असे ती स्वतःशीच म्हणाली.

विमान सकाळी निघणार होते आणि संध्याकाळी लंडनला पोचणार होते. टोंगाईने मुद्दाम मधली जागा सोडून आसने घेतली होती. खिडकीशी आजी, कडेला तो. मध्ये बुलावायोच्या मासुकूबाई आल्या. त्या कपड्यांचा व्यापार करत आणि आसनात जेमतेम मावत.

"अहो, तुम्ही एकाच घरचे ना? मग मला मधे खांबासारखं कशाला रोवलंय? सरका इकडे," त्या म्हणाल्या.

"नको, नको," टोंगाई घाईने म्हणाला. "त्या माझ्या सासूबाई आहेत."

मासुकूबाईंनी एकदा याच्याकडे पाहिले, एकदा तिच्याकडे. "अस्सं. मग खांबच बरा."

रुवाला एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे झाले की आधी ती मासुकूबाईंच्या मांडीवर जाई आणि तिथून पुढे. "मी काय टपालपेटी आहे?" त्या म्हणत, पण पोर घेत.

विमान वर चढताना रुवाचे कान दुखले. ती किंचाळली आणि आजीच्या खांद्यावर ओकली. नवा रुमाल भिजला. आजीने तो सोडून पिशवीत कोंबला, डोक्यावर जुनाच राहिला. काळपट, कडा विरलेला तो रुमाल लपवायला तिने कोटाची कॉलर कानांपर्यंत ओढली.

पट्टे सोडायची परवानगी मिळताच तिने मला काढले आणि रुवाला पाठीशी बांधले. माझ्या मनात आले, आता बघा मंडळी, गुटूची नावाजलेली झोळी. आजी मधल्या वाटेने डुलत फिरू लागली. रुवाने गाल माझ्यावर टेकला, नाक घासले, थांबली. पुन्हा नाक घासले, जणू काही शोधत होती. मग तिने पाठ ताणली आणि आधीपेक्षा मोठ्याने रडू लागली.

एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. बाटली तोंडाशी नेली की ती हाताने ढकलायची. लोकांनी कानांत बोळे घातले. पुढच्या रांगेतला टाय बांधलेला एक गृहस्थ म्हणाला, "त्यापेक्षा बकरी आणली असती तरी चाललं असतं."

"तुम्ही काय टाय बांधूनच जन्माला आला होतात?" मासुकूबाईंनी बसल्या जागेवरून विचारले.

आजीने मात्र मान खाली घातली. ती भेटेल त्याला "माफ करा, माफ करा" म्हणत राहिली. मला माहीत होते की माफी मी मागायला हवी. रुवा माझ्यात तिची आई शोधत होती, चूल शोधत होती, आणि मी नुसता साबण होऊन बसले होते.

चौथ्या तासाला विमानातली एक वयस्क सेविका आली. तिने रुवाच्या गालावरून बोट फिरवले.

"आजी, ही शेवटचं कधी काही प्यायली?"

"पहाटे. उजाडायच्या आधी."

"आता ही रडतेय, पण डोळ्यांत पाणी येत नाही. ओठ बघा." तिचा आवाज मऊ होता, पण ती हसत नव्हती. "अर्धा तास थांबते. नाहीच प्यायली, तर वैमानिकांना सांगावं लागेल. वाटेत कुठेतरी उतरवून दवाखान्यात न्यावं लागेल."

टोंगाई उठून उभा राहिला. "वाटेत कुठे, बाई? आमच्याकडे फक्त लंडनचे कागद आहेत. तिथे हिची आई उभी असेल."

"मला पोरीची काळजी आहे, साहेब. कागदांची नंतर."

आजी विमानाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. टोंगाई चार हात लांब आणि मध्ये सवयीने मासुकूबाई. रुवाचा आवाज आता बसला होता. तिने मान उंचावली आणि आजीच्या मानेवर, जिथे जुन्या रुमालाची गाठ लोंबत होती, तिथे नाक खुपसले. रडणे थांबले. आजी चमकून थोडी हलली, गाठ दूर झाली आणि रडणे पुन्हा सुरू झाले.

आजी जागच्या जागी थिजली. मग हळूच म्हणाली, "हिला घरचा वास हवाय. आणि मी तो धुऊन टाकला."

"मग तो रुमाल द्या की तिला," मासुकूबाई म्हणाल्या.

आजीने टोंगाईच्या दिशेने नजर वळवली आणि लगेच खाली केली. सगळे आयुष्य तिने ते डोके झाकून ठेवले होते. सेविकेने एक पातळ पांघरूण आणून तिच्या डोक्यावर घातले, पण त्याला विमानाचा वास होता. रुवाने ते दोनदा ओढून पाडले.

टोंगाईने ते खालचे पांघरूण उचलले. तो गुडघ्यांवर बसला, ओंजळीने हळू टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "अंबुया, सासूबाई, मी बघत नाही. माझ्या लेकीसाठी सोडा." मग त्याने पांघरूण स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतले, पार छातीपर्यंत, आणि आसने चाचपडत आपल्या जागेवर जाऊन बसला.

टायवाल्या गृहस्थाने विचारले, "हे काय? नवरी कोणती?"

काही लोक हसले. टोंगाईने पांघरूण काढले नाही.

आजीने रुमाल सोडला. तिचे केस पांढरे होते, बारीक वेण्यांत घातलेले आणि कानामागे विरळ झालेले. ती रडत होती. तिने रुमाल रुवाच्या गालाखाली, माझ्यावर पसरला. मला तो वास आला: मोपानेचे लाकूड, शेंगदाण्याचा कूट, पहाटेची राख. रुवाने तो मुठीत धरला, नाकाशी नेला आणि दोन हुंदके दिले. मासुकूबाईंनी मागून बाटली पुढे केली. पोरीने तोंड उघडले.

ती प्यायली, मित्रांनो. थांबत थांबत अख्खी बाटली प्यायली आणि माझ्यात झोपली. सेविकेने घड्याळात पाहिले आणि ती आपल्या कामाला निघून गेली.

टोंगाई उरलेला सगळा वेळ पांघरुणाखाली बसून होता. जेवणही त्याने आतच घेतले. मधूनमधून मासुकूबाई विचारत, "जावईबापू, श्वास घेताय ना?" आणि आतून उत्तर येई, "घेतोय, आई."

सेविकेने धुऊन दिलेला निळा रुमाल विमान उतरेपर्यंत वाळला होता. आजीने तो बांधला आणि मासुकूबाईंनी टोंगाईच्या गुडघ्यावर टिचकी मारली. तेव्हा कुठे नवरी बाहेर आली.

बाहेर सेकाई उभी होती. रुवाने तिला ओळखले नाही, तोंड फिरवले. सेकाईने आधी मला हातात घेतले आणि माझ्यात तोंड लपवले. मग मान वर केली.

"आई, हिला कसलाच वास नाही गं."

"धुतली मी," आजी खाली पाहत म्हणाली. "लोक हसले, म्हणून."

सेकाई रागावली असती तर बरे झाले असते. तिने फक्त माझा डावा बंद बोटांनी चाचपला, जिथे तो डाग होता तिथे. मग रुवाच्या मुठीतला जुना रुमाल अलगद सोडवून तिने आपल्या डोक्याला बांधला. रुवा बघत राहिली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, गाठ पकडली आणि गाठीमागोमाग आईकडे गेली.

रुमाल तिकडेच राहिला. तीन महिन्यांनी मी आजीबरोबर परत आले. सेकाईने निघताना सांगितले होते, "झोळी चुलीवर टांग, आई. मी घरी येईन तेव्हा रुवाला तिच्यातच बांधीन." म्हणून मी इथे आहे. धूर हळूहळू माझ्यात परत मुरतो आहे. दुधाचा डाग मात्र कोणत्याच धुराने परत येत नाही.

मित्रांनो, कपडे जरूर धुवा. पण कोणी तरी हसले म्हणून धुवायला निघालात, तर साबण लावण्यापूर्वी एकदा ते कापड नाकाशी धरा. त्या वासात कदाचित कोणाचे तरी लेकरू झोपत असेल.