सरकलेला माल

बायको दीपमाला वारल्यापासून संघपाल पाच वर्षांच्या प्रीतीला उजव्या कुशीत घेऊन झोपायचा. डावीकडची जागा तशीच मोकळी राहायची. वाडीच्या गोदामात दिवसभर पोती उचलायची, परतताना शेजारच्या तुळसाबाईकडून पोरीला घ्यायचे, असे आठ महिने चालले होते. आता हिंगण्याच्या एका कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती. ती हुकली तर प्रीतीची मावशी यमुताई तिला नरखेडकडच्या आपल्या गावी नेणार, हे ठरलेले होते.

नोकरीआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी नळी छातीवर डावीकडे ठेवली, थांबले, आणि हळूहळू उजवीकडे नेली.

"जन्मापासून असंच आहे का?"

संघपाल हो म्हणाला. खरे तर दीपमाला डाव्या बाजूला कान ठेवून झोपायची.

"सोमवारी छातीचा फोटो काढू. सहीचं मग बघू."

ही गोष्ट त्याने फक्त गोदामातल्या धोंडबाला सांगितली. धोंडबा तीस वर्षे ट्रक भरत आला होता. तो हसला.

"एका अंगचा माल उतरला का बाकीचा सरकतेच गा. दोरानं बांधून टाक!"

त्याची थट्टाच होती. पण संघपालने घरी येऊन दोर काढला, छातीभोवती तीन वेढे घेतले आणि माल आवळतात तशी उजव्या बगलेखाली गाठ मारली.

"बाबा, काहून बांधून राहिले?"

"पडू नये म्हणून."

रविवारी दुपारी प्रीती नेहमीसारखी उजवीकडे बिलगून झोपली. गाठ तिच्या गालाला रुतू लागली, तेव्हा त्याने ती सोडली.

सोमवारी फोटो तीनदा काढला. तिन्ही वेळा छातीत दोन्हीकडे हृदयाची जागा मोकळीच दिसली. मशीन बिघडली असावी, असे डॉक्टर पुटपुटले. पण कागदावर सही केली नाही. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

बुधवारी यमुताई आली. बसस्टँडवर तिने प्रीतीला उचलून पोटाशी धरले आणि तशीच उभी राहिली.

"संघपाल, पोरीची छाती काहून अशी धडधडून राहिली? जशी दोघांची..."

"बसमध्ये बसायचं आहे ना, खूश आहे," तो म्हणाला.

बस सुटली. प्रीतीने खिडकीतून हात हलवला. त्यानेही हलवला, आणि वळून कामावर गेला. त्या दुपारी तो दोन-दोन पोती पाठीवर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढत होता. धोंडबा खाली उभा राहून नुसता बघत होता. संघपालला दम लागत नव्हता.